वाचकांचे प्रश्न : धावणारी मुलगी दमली आहे

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. पहाटे पाचला मानकापूरच्या क्रीडा संकुलात धावण्याचा सराव, मग कॉलेज, संध्याकाळी शिकवणी. दोन महिन्यांपासून तिची वेळ सुधारण्याऐवजी घसरते आहे, सर्दी हटत नाही, बुटाची नाडी बांधताना ती रडते. प्रशिक्षक त्याला आळस म्हणतात. काय करावे?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, आळशी मुलगी पहाटे पाचला मैदानावर उभी राहत नाही. सराव वाढवूनही कामगिरी घसरत जाणे, वारंवार आजारपण आणि आवडीच्या खेळाचा कंटाळा ही अतिसरावाची ओळखीची लक्षणे आहेत. मात्र तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण धावणाऱ्या मुलींमध्ये लोहाची कमतरता पुष्कळदा आढळते. पाळी अनियमित झाली असल्यास तेही संकोच न करता सांगावे. व्यायामाच्या मानाने आहार कमी पडला की पाळी थांबू शकते आणि हाडे कमकुवत होऊ शकतात. रिकाम्या पोटी सराव आणि दुपारी घाईघाईत डबा, हे तिच्या वयाला पुरणारे नाही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री अकराला अभ्यास संपणाऱ्या मुलीला ती मिळणार कशी? डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे स्पर्धा थांबवाव्यात आणि प्रशिक्षकांना अहवाल दाखवून बोलावे. स्पर्धा सोडल्याने अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स संपली नाही : टोकियो ऑलिम्पिकमध्ये माघार घेऊन तिने 2024 मध्ये पॅरिसला सुवर्णपदके जिंकली. रडणे थांबत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते.