सेकंडहँड लेस पॉल फोटोत फार देखणी दिसते, पण ती खरी गिब्सन आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की चेरी सनबर्स्ट रंगाची लेस पॉल स्टँडर्ड, म्हणजे गिब्सन कंपनीचं प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार मॉडेल, 70 हजारांना मिळतेय, विकणारा ती 2003 ची अमेरिकन गिब्सन असल्याचं सांगतोय, आणि ‘इतकी सुंदर गिटार नकली कशी असेल?’ असं तुम्हाला वाटतंय. असू शकते. नकली गिटार बनवणारा सगळा जीव रूपावरच ओततो, कारण फोटोत तेवढंच येतं. जिथे गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही तिथे तो हात आखडता घेतो. म्हणून गिटारची पुढची बाजू घटकाभर विसरा.

हे मी फसल्यावर शिकलो. पहिली ‘गिब्सन’ घेतली तेव्हा माझं वय पंचवीस, दोन वर्षं साठवलेले पैसे हातात, आणि ज्वाळांसारख्या रेषा असलेला तो मेपल लाकडाचा टॉप, म्हणजे पुढची फळी. मी दुसरं काही पाहिलंच नाही. आठ महिन्यांनी व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग, खरखरायला लागला म्हणून मागचं झाकण उघडलं, आणि आत नाण्याएवढे पॉट आणि खेळण्यात असते तसली बारीक वायर निघाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आज मी पुण्यात गिटार दुरुस्तीचं काम करतो आणि दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हेडस्टॉककडे, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाकडे, या. नटच्या (तारा टेकतात त्या छोट्या पट्टीच्या) वर घंटेच्या आकाराचं छोटं झाकण असतं, त्याखाली ट्रस रॉडचं टोक, म्हणजे नेक (गिटारची मान) सरळ ठेवणाऱ्या धातूच्या दांड्याचं. गिब्सनवर हे झाकण दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं, एक वर आणि एक खाली. नकली गिटारवर पुष्कळदा तीन स्क्रू दिसतात. पण तेवढ्यावर थांबू नका, झाकण काढायला सांगा. खऱ्या लेस पॉलमध्ये रॉडच्या टोकावर बोल्टवर बसतो तसा पितळी षट्‌कोनी नट असतो, 5/16 इंची, आणि तो बाहेरून पाना चढवून फिरवायचा असतो. तिथे एलन की (षटकोनी चावी) घालायचं भोक दिसलं तर बोलणं तिथेच थांबवा. मला या एका खुणेवर सगळ्यात जास्त भरवसा आहे. झाकण कुणीही बदलेल, पण नेकच्या आतला रॉड बदलण्याची उस्तवार नकल करणारा करत नाही.

आता गिटार उलटी करा. गिब्सनचा हेडस्टॉक नेकच्याच महोगनीतून निघतो, मागे सुमारे 17 अंशांत झुकतो, आणि रुंदी पुरी करण्यासाठी दोन्ही कडांना लाकडाचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात. पारदर्शक रंगाखाली त्या दोन उभ्या रेषा नीट पाहिल्या तर दिसतात. स्वस्त गिटारमध्ये लाकूड वाचवायला हेडस्टॉक वेगळा कापून तिरका सांधा मारतात, त्याची रेष नेकला आडवी जाते. सांधा म्हणजे वाईट काम असं मात्र समजू नका. सुतारकामाच्या दृष्टीने तो मजबूतच असतो, आणि गिब्सनचा एकसंध हेडस्टॉक त्या झुकावामुळे पडल्यावर नेमका तिथेच मोडतो. गिटार खरी निघाली तरी त्या जागेवरून बोट फिरवून केसासारखी चीर शोधा. मोडून जोडलेली लेस पॉल वाजते छान, पण किंमत बरीच उतरते आणि विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

सिरीयल नंबर हेडस्टॉकच्या मागे लाकडात ठोकलेला असतो, खाली ‘मेड इन यूएसए’. 1977 पासून 2005 पर्यंतच्या नेहमीच्या कारखानी मॉडेलांवर तो आठ आकडी आहे. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, आणि मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. तुमच्या गिटारवर पहिला 0 आणि पाचवा 3 हवा, आणि मधली संख्या 365 च्या आत. मला एकाने 412 व्या दिवशी बनलेली गिटार आणून दाखवली होती. 2005 नंतर आणखी एक आकडा वाढला, आणि जुन्या मॉडेलांच्या कस्टम शॉप (कंपनीचा खास विभाग) आवृत्त्यांची पद्धत वेगळी आहे. पण नंबर बरोबर आला म्हणून गिटार बरोबर असं होत नाही. खऱ्या गिटारचा नंबर फोटोतून उचलून नकलीवर मारणं सोपं आहे.

तो टॉप, ज्याने मला भुलवलं. खऱ्या स्टँडर्डवर मेपलची जाड फळी महोगनीवर चिकटवून मग तिला उंचवटा कोरतात. पिकअपचे, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, त्यांचा आवाज पकडणाऱ्या भागाचे, चार स्क्रू काढून तो उचला. खाचेच्या भिंतीत वर फिकट मेपल आणि खाली तांबूस महोगनी असे दोन स्पष्ट थर दिसले पाहिजेत. नकलीत कागदाएवढा पापुद्रा असतो, कधी नुसती छापलेली नक्षी. गिटार उजेडात हळूहळू कलती करा. खऱ्या लाकडातल्या ज्वाळा सरकतात, एका कोनात उजळतात, दुसऱ्यात विझतात. छापील नक्षी ढिम्म राहते. पापुद्राही लाकडाचाच असतो, त्यामुळे तोही सरकतो, म्हणून खाच बघणं टाळू नका.

मागच्या झाकणाखाली त्या काळातल्या गिब्सनचे मोठे पॉट एका धातूच्या पट्टीवर कसलेले असतात. फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बघा, बाइंडिंगची, म्हणजे काठावरच्या पट्टीची, किंचित कड त्यांच्यावर चढलेली असते. वजनावर मात्र विसंबू नका. त्या वर्षांत गिब्सनच बॉडीत आतून भोकं पाडून वजन उतरवत होती.

फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त अवघड वाटते. त्यांच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) मॉडेलचा नेक चार बोल्टांवर असतो, त्यामुळे एकीचा नेक, दुसरीची बॉडी, तिसरीचे पिकअप असा संसार सहज उभा राहतो. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचं नाव घासून वर फेंडरचं चिकटवलेल्या गिटार मी हाताळल्या आहेत. तिथे पॉटच्या पाठीवरचा आकडा कामाला येतो. सुरुवातीचे 137 म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे आकडे साल आणि आठवडा. 1377633 म्हणजे 1976 चा तेहेतिसावा आठवडा. त्याआधी ती गिटार तयार झालेली असू शकत नाही, जर पॉट मूळचे असतील तर.

जुनेपणाचंही असंच आहे. फेंडरच्या कस्टम शॉपने 1995 मध्ये मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटार बाजारात आणल्या, आणि आज रंग उडालेली गिटार म्हणजे जुनी गिटार असं म्हणता येत नाही. खरी झीज कशी असते ते आयर्लंडचा गिटारवादक रॉरी गॅलाहर याच्या 1961 च्या स्ट्रॅटवर बघा. 1963 मध्ये कॉर्कच्या दुकानातून 100 पौंडांना घेतलेली ती गिटार त्याने आयुष्यभर घामात भिजवली. तिचा सनबर्स्ट जवळजवळ सगळा गेला, आणि उरलेल्या लाकडावर हात कुठे टेकायचा, पट्टीचं घर्षण कुठे व्हायचं हे वाचता येतं. हात जिथे कधीच पोचत नाही तिथे झीज असेल तर ती कुणीतरी बसून केलेली आहे.

रूपाला किंमत द्यावी का, हेही तुम्ही विचारलंय. जरूर द्यावी. जी गिटार बघून हातात घ्यावीशी वाटते ती रोज वाजते. पण रूप आणि नाव यांचे पैसे वेगवेगळे मोजा. जपानच्या टोकाई, ग्रेको, बर्नी या कंपन्यांनी लेस पॉलच्या आकाराच्या उत्तम गिटार स्वतःच्या नावाने विकल्या, आणि त्यांना मी नकली म्हणणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांची पहिली गिटार कोलकात्याची गिव्हसन होती. नाव गिब्सनच्या शेजारचं, पण हेडस्टॉकवर आपलंच. गिब्सनच्याच एपिफोन या स्वस्त ब्रँडची गिटार 70 हजारांच्या आत नवी, बिलासकट मिळते. उलट नवी अमेरिकन स्टँडर्ड तिकडेच अडीच हजार डॉलरच्या पुढे आहे, म्हणजे दोन लाखांच्या वर. वापरलेली गिटार स्वस्त मिळते हे खरं, पण इतकी स्वस्त का, हे विचारायला लाजू नका. माझ्या त्या नकली गिटारचे फ्रेट मी घासून सारखे केले, वायरिंग नवं केलं, हेडस्टॉकवरचं नाव खरवडून काढलं. आता शिकायला येणारी मुलं ती वाजवतात.

विकणाऱ्याकडून पाच फोटो मागवा: ट्रस रॉडचं झाकण काढून, हेडस्टॉकची मागची बाजू, सिरीयल नंबर जवळून, पुढचा पिकअप उचलून आतली खाच, आणि मागचं झाकण उघडून वायरिंग. एका स्क्रूड्रायव्हरने दहा मिनिटांत होणारं काम आहे. फोटो इथे टाका, मी बघून सांगतो. तो झाकण उघडायला तयार नसेल तर टोकनचे पैसेही देऊ नका.