बॉलला जाताय? मग घरून जेवून निघा

तुमचा प्रश्न वाचला. नवऱ्याच्या कंपनीकडून सोमवारच्या, २० जानेवारी २०२५ च्या लिबर्टी बॉलची, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प यांच्या शपथविधीनिमित्त होणाऱ्या नाचाच्या समारंभाची दोन तिकिटं मिळालीयत, नाचाचा गंध नाही, पोशाखापुढे 'ब्लॅक टाय' लिहिलंय म्हणजे साडी चालेल का, आणि त्यातही काळी साडी बरी दिसेल का? मेरीलँडमध्ये राहून मला पंचवीसेक वर्षं झाली आणि शपथविधीच्या असल्या दोन बॉलना मी जाऊन आलेय. कोणाचा पक्ष कुठला ते बाजूला ठेवून सांगते.

नाचाची काळजी आधी डोक्यातून काढा. 'बॉल' म्हटलं की आपल्याला झुंबरं आणि गिरक्या दिसतात. तुमचा बॉल आहे त्या वॉशिंग्टनच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये दिसेल तो प्रदर्शनं भरवतात तसला अवाढव्य हॉल, एका टोकाला स्टेज, आणि नटूनथटून उभी असलेली हजारो माणसं. नाचायचं काम राष्ट्राध्यक्षांचं आणि त्यांच्या बायकोचं, तेही एका गाण्यापुरतं. आपण दर्शनाच्या रांगेतले.

मी २०१३ साली ओबामांच्या दुसऱ्या खेपेला याच इमारतीत गेले होते. तेव्हा २० तारखेला रविवार आला म्हणून जाहीर शपथविधी आणि बॉल २१ ला झाले. तिकीट साठ डॉलरचं. ओबामा नवरा-बायको स्टेजवर आले, गायिका जेनिफर हडसन गायली, मिशेलबाईंचा जेसन वूने शिवलेला लाल गाऊन झळकला, आणि हे सगळं मी पाहिलं ते पुढच्या उंच माणसाने वर धरलेल्या फोनच्या पडद्यावर. तरी अंगावर काटा आला हे खरं. पण तेवढ्या दोन-तीन मिनिटांसाठी चार तास उभं राहायची तयारी हवी.

आता जेवण. बसून जेवायची पंगत असते असा तुमचा समज दिसतोय. मला मिळालं ते चीजचे तुकडे, प्रेट्झेल आणि एक पेय. तेव्हा संध्याकाळी पाचला वरण-भात खाऊनच निघा. तसं पाहिलं तर कमी खायला ठेवतात तेच बरं. १८६५ मध्ये लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीचा बॉल पेटंट ऑफिसच्या इमारतीत झाला, आता तिथे स्मिथसोनियनची चित्रांची संग्रहालयं आहेत, तुमच्या हॉलपासून चालत जाण्याइतकी जवळ. मध्यरात्री ऑयस्टर, कासवाचं मांस, केक वगैरे मांडलं, आणि चार हजारांवर पाहुणे एकदम टेबलांवर तुटून पडले. उंची कपड्यांवर रस्सा सांडला, जमिनीवर अन्नाचा चिखल झाला. आपल्याकडची लग्नातली बुफेची झुंबड त्यापुढे सभ्य म्हणायची.

खरा शत्रू थंडी. या वेळी तर गारठ्यामुळे शपथविधीच कॅपिटॉलच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या इमारतीच्या आत हलवलाय. असं याआधी १९८५ साली रेगनच्या वेळी करावं लागलं होतं. १८७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटचा बॉल तात्पुरत्या उभारलेल्या मांडवात होता आणि ऊब नव्हती. पाहुण्यांसाठी गाणी म्हणायला छताला पिंजरे टांगून कॅनरी पक्षी ठेवले होते, ते गारठून मेले. लोक ओव्हरकोट घालूनच नाचले. तुमच्या हॉलमध्ये आत उकडेल, पण बाहेर सुरक्षा तपासणीच्या रांगेत किती वेळ जाईल त्याचा भरवसा नाही. म्हणून परकराच्या आत थर्मल, वर जाड कोट. फॅशनची शाल नको.

साडी चालते, बेलाशक नेसा. ब्लॅक टायला पायघोळ गाऊनची अपेक्षा असते आणि साडी पायघोळच. काळीची शंका का यावी? संक्रांत आत्ताच झाली, चंद्रकळा नेसायचे दिवसच आहेत! पुरुषाला टक्सिडो, म्हणजे समारंभाचा काळा सूट, भाड्याने मिळतो. काळा बंदगळाही शोभतो, माझ्या नवऱ्याने तोच घातला होता आणि दोघातिघांनी कुठून शिवला म्हणून विचारलं. साडीचा एक फायदा गाऊनवाल्यांना नाही: आत काय घातलंय कोणाला दिसत नाही. मी चक्क चालायचे बूट घालते. फक्त मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर निऱ्या हातात उचलून धरा. माझ्या नारायणपेठीचा काठ एकदा दातऱ्यात सापडून फाटलाय. मेट्रो मात्र घ्याच, माउंट व्हर्नन स्क्वेअर स्टेशन इमारतीला लागूनच आहे आणि रस्ते बंद असताना टॅक्सीवर विसंबणं म्हणजे वेडेपणा. परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. दोघांचीही आपापली फोटो असलेली ओळखपत्रं घ्या, पर्स मुठीएवढी. माझी तिळाच्या वड्यांची पुडी एकदा तपासणीत काढून टाकायला लावली होती, जीव हळहळला.

आता कोट. याबद्दल कोणी सांगत नाही. इथे राज्याराज्यांची मंडळं असतात, आपल्या महाराष्ट्र मंडळासारखी, आणि ती आपापले बॉल करतात. टेक्सासवाल्यांचा 'ब्लॅक टाय अँड बूट्स' त्यातला सगळ्यात गाजलेला. अशाच एका मंडळाच्या बॉलला, नाव राहू दे, आत जाताना कोट जमा करून चिठ्ठी दिली. निघताना सगळे एकदम निघाले. खिडकीमागे कोटांचे ढीग, चिठ्ठ्यांचे नंबर आणि हँगर यांचा मेळ नाही. दीड तास. माझ्या शेजारी टिकल्यांच्या सोनेरी गाऊनमधली एक बाई टाचांच्या चपला हातात घेऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि प्रेट्झेल खात होती. तिने मलाही एक दिलं. आमचे कोट मिळाले; तिच्या नवऱ्याचा मिळाला नाही, तो तसाच सुटावर बाहेर पडला.

म्हणून कोट असा न्या की गेला तरी रडू येणार नाही, खिशात काही ठेवू नका, आणि मुख्य नाच झाला की शेवटच्या गाण्याची वाट न बघता अर्धा तास आधी खिडकी गाठा. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. मूळ चिठ्ठी नवऱ्याकडे देऊ नका.