बंद्या रुपयातली अमेरिकन चांदी

पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकेबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातले पाच प्रश्न आज घेतो. तिसऱ्यावर जरा जास्त रेंगाळणार आहे, विषय माझ्या आवडीचा आहे.

लुसिटानिया बोट जर्मनांनी बुडवली म्हणून अमेरिका युद्धात उतरली, असं शाळेत शिकलो. खरं आहे का? (सातारा)

तारखा जुळत नाहीत. लुसिटानिया बुडाली ७ मे १९१५ ला, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ. ११९८ माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकन. अमेरिकेने युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. मधल्या काळात तिने ब्रिटन-फ्रान्सला माल विकला, कर्ज दिलं, आणि अध्यक्ष विल्सन १९१६ ची निवडणूक 'यांनी आपल्याला युद्धापासून लांब ठेवलं' या प्रचारावर जिंकले!

पारडं फिरलं ते १९१७ च्या सुरुवातीला. १ फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी तटस्थ देशांच्या बोटींनाही सोडायचं नाही असं ठरवलं. त्यातच जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार फुटली. अमेरिकेशी जुंपलीच तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने यावं, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देऊ, असा तिचा मजकूर. गंमत अशी की तार गेली अमेरिकेच्याच राजनैतिक तारमार्गाने. शांततेच्या बोलण्यांसाठी म्हणून विल्सननी तो जर्मनांना वापरू दिला होता. इंग्रज मधेच कान लावून बसले होते. तार खोटी आहे म्हणून झिमरमान हात वर करू शकले असते, पण त्यांनी ती आपलीच असल्याचं सांगून टाकलं.

अमेरिकन सैन्याने खरंच किती लढाई केली? (नागपूर)

उशिरा केली, पण कडक केली. युद्ध पुकारलं तेव्हा त्यांचं खडं सैन्य सव्वा लाखाच्या आसपास होतं. सक्तीची भरती करून शेवटी फ्रान्सला पोचले वीस लाख. तोफा बहुतेक फ्रेंच, शिरस्त्राण ब्रिटिश घाटाचं. १९१८ च्या उन्हाळ्यात रोज दहा हजारांच्या हिशेबाने माणसं उतरत होती. हा लोंढा पोचण्याआधीच निकाल लावायचा म्हणून जर्मनीने मार्चमध्ये सगळं पणाला लावलं आणि दमली. फ्रान्समधल्या म्यूज-आर्गोनच्या लढाईत, सत्तेचाळीस दिवसांत, २६ हजारांवर अमेरिकन पडले. पूर्ण युद्धात त्यांचे सुमारे १ लाख १६ हजार गेले. त्यातले निम्म्याहून जास्त रोगराईने, मुख्यतः इन्फ्लुएंझाने.

आमचे आजोबा म्हणायचे, १९१८ चे रुपये अमेरिकेच्या चांदीचे आहेत. यात काही तथ्य? (कोल्हापूर)

आजोबांना नमस्कार सांगा. तथ्य आहे, आणि भरपूर आहे.

युद्धात हिंदुस्थानातून गहू, ताग, कातडी ढिगाने बाहेर जात होती. ब्रिटन पैसे मोजायचं ते लंडनमध्ये, पौंडांत. इथल्या शेतकऱ्याला मात्र हातात बंदा रुपया लागायचा. तो आला की गाडग्यात किंवा सोनाराकडे, बाजारात परत फिरकत नसे. चांदी तर इतकी महागली की रुपया वितळवणंच फायद्याचं होऊ लागलं. म्हणून सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची. लोकांना ती पटेना. नोट पुढे केली की चांदी द्यायची असा कायदाच होता, आणि १९१८ च्या वसंतात फ्रान्समधून वाईट बातम्या येऊ लागल्या तशा मुंबईत नोटा वटवायला झुंडी लोटल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरकारच्या तिजोरीत जेमतेम चार कोटी रुपयांची नाणी उरली. एवढ्या मोठ्या देशाला ती किती दिवस पुरणार?

वाचवलं वॉशिंग्टनने. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पिटमन कायदा केला आणि तिजोरीत पडून असलेले चांदीचे डॉलर वितळवायला काढले. सुमारे २६ कोटी डॉलर आटवून २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली. हिशेब मोठा सुबक बसतो: एका डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन (वजनाचं जुनं माप) शुद्ध चांदी, रुपयात १६५. म्हणजे एका डॉलरचे बरोबर सव्वादोन रुपये!

हे पुण्यकर्म नव्हतं, हेही सांगतो. सिनेटर पिटमन नेव्हाडाचे, म्हणजे चांदीच्या खाणींच्या राज्याचे. विकली तेवढी चांदी खाणवाल्यांकडून औंसाला एक डॉलर या भावाने परत घ्यायची, असं कायद्यात त्यांनी घालूनच ठेवलं होतं.

तुमच्याकडचा रुपया काढून बघा. सालाखालच्या फुलापाशी बारीक टिंब असेल तर तो मुंबईच्या टाकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा. त्यातली चांदी नेमकी कुठली हे मात्र नाण्यावरून कळत नाही. सराफ सांगू लागला तर हसून सोडून द्या.

टिळकांनी विल्सनना पत्र लिहिलं होतं का? उत्तर आलं? (पुणे)

लिहिलं होतं. विल्सन यांनी शांततेसाठी मांडलेल्या १४ कलमांनंतर स्वयंनिर्णय हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी झाला होता. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक लंडनमध्ये होते, काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी त्यांचं नावही सुचवलं होतं, पण सरकारने तिथे जाऊ दिलं नाही. १९१९ च्या सुरुवातीला त्यांनी लंडनमधूनच विल्सन आणि फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो यांना लिहिलं. विल्सन यांच्या चिटणिसाचं उत्तर आलं. आशय एवढाच, की या प्रश्नाचा योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांकडून विचार होईल. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या केल्या त्या ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी.

राष्ट्रसंघाची कल्पना विल्सन यांची, मग अमेरिकाच बाहेर कशी? (ठाणे)

विल्सन यांच्या हट्टामुळे, असं माझं मत. राष्ट्रसंघ हा व्हर्सायच्या तहाचाच भाग होता, आणि अमेरिकेत तहाला सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. रिपब्लिकन नेते लॉज काही अटी घालून तह मंजूर करायला तयार होते. विल्सन अडून बसले. लोकांनाच पटवतो म्हणून आगगाडीने देशभर निघाले, कोलोरॅडोतल्या प्यूब्लोला कोसळले, आणि ऑक्टोबर १९१९ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. अंथरुणावरूनही त्यांनी आपल्या पक्षाला निरोप धाडला, अटींसह तह नको. १९ मार्च १९२० ला बाजूने ४९, विरोधात ३५. सात मतं कमी पडली.

परिणामी पारतंत्र्यातला हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि अमेरिका राहिली दाराबाहेर. जर्मनीशी तिने १९२१ मध्ये वेगळा तह केला. त्याच साली वितळवलेल्या डॉलरच्या जागी नवे पाडायला सुरुवात झाली, आणि वर्षअखेरीस जो नवा नमुना आला त्याच्यावर शब्द होता 'शांतता'.