अपभ्रंश नव्हे, चुकलेला पदच्छेद

प्रश्न : वडिलांच्या जुन्या रॉक गाण्यांच्या कॅसेटी ऐकताना आम्ही भलतेच शब्द म्हणायचो. अशा ओळींना अपभ्रंश म्हणावं का? आणि रॉक म्हणजे खडकच ना?

उत्तर : अपभ्रंश मुळीच म्हणू नये! हा शब्द हल्ली कशालाही चिकटवतात, कान किटले. लॉर्डचा 'लाटसाहेब' झाला, तो अपभ्रंश. तिथे उच्चार झिजला, माणूस तोच राहिला. तुमच्या गाण्यांत उलट होतं : आवाज जवळपास तोच, अर्थ पार पळालेला.

इंग्रजीत याला मॉन्डेग्रीन म्हणतात, आणि त्याची जन्मकथा फक्कड आहे. १५९२ साली स्कॉटलंडमध्ये मोरेच्या अर्लचा, म्हणजे तिथल्या सरदाराचा, खून झाला. त्यावरच्या पोवाड्यात मारेकऱ्यांनी त्याला 'लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे हिरवळीवर निजवलं, असं येतं. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेला लहानपणी ते 'लेडी मॉन्डेग्रीन' ऐकू आलं. अर्लसोबत बिचारी एक बाईही मेली! १९५४ मध्ये तिने लेख लिहून या बाईचंच नाव सगळ्या जमातीला दिलं.

म्हणजे घोटाळा कशाचा? पदच्छेदाचा, शब्द कुठे तोडायचा त्याचा. आपल्या आरतीत तेच. 'फणिवरबंधना'मधला फणी म्हणजे नाग आणि 'वर' म्हणजे श्रेष्ठ. पोरं त्याचं 'वरती' करतात आणि गणपतीला 'फळीवर वंदना' घालतात.

आता रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं १९६७ चं गाणं, 'पर्पल हेझ'. ओळ 'किस द स्काय', म्हणजे आभाळाचा मुका घेणं; लोकांना ऐकू येतं 'किस धिस गाय', म्हणजे या बुवाचा मुका. (देवनागरीत लिहिलं की गोठ्यातली गाय दिसते, तो तिसराच घोटाळा.) तोंडापुढे तळहात धरा आणि अमेरिकन ढंगात दोन्ही शब्द म्हणा. 'किस'च्या क ला हवेचा झोत लागतो, तो जवळजवळ 'ख' असतो. 'स्काय'मधला क निव्वळ आपला, बिनहवेचा. त्याच्या आधीचा स मागच्या 'द'ला जाऊन चिकटला की हा क शब्दाच्या तोंडाशी उघडा पडतो, आणि इंग्रजी कान त्या जागी बिनहवेच्या क ला 'ग' समजतो. क-ख-ग वेगळे घोकलेल्या मराठी कानाने इथे फसूच नये, असं माझं ठाम मत आहे. फसलात, तर कान शाळेतच इंग्रजाळला.

कोशकार मात्र कुठल्याही चुकीच्या ऐकण्याला मॉन्डेग्रीन म्हणून मोकळे होतात. हा शुद्ध आळस आहे. क्रीडन्स या अमेरिकन रॉक बँडच्या १९६९ च्या गाण्यातला 'बॅड मून ऑन द राइझ' लोकांना 'बाथरूम ऑन द राइट' वाटतो. त्यांचा गायक जॉन फॉगर्टी स्वतः मैफलीत गमतीने तसंच गातो. पण त्यात शब्दांचे सांधे हलले कुठे? माझ्या वहीत त्याला जागा नाही. किंग्जमेन या बँडच्या १९६३ च्या 'लुई लुई' गाण्यालाही नाही. त्यात अश्लील काही आहे का, म्हणून एफबीआयने तबकडी वेगवेगळ्या वेगांवर फिरवून पाहिली आणि कुठल्याच वेगावर शब्द कळत नाहीत असा निष्कर्ष काढला. जिथे मुळात ऐकूच येत नाही, तिथे पदच्छेद कशाचा करणार?

हां, रॉक. खडकाशी काडीचा संबंध नाही. खडकवाला रॉक फ्रेंचमधून आलेला; हा जुन्या इंग्रजीतला, पाळणा हलवण्याचा. 'खडक संगीत' असं भाषांतर करणाऱ्यांनी निदान कोश तरी उघडावा.