लाकडाच्या देवाला स्नान कसे घालावे?

गेल्या अंकात देवघरातील मूर्तींच्या द्रव्यांविषयी लिहिताना काष्ठमूर्तीचा विषय मी एका वाक्यात आटोपला होता आणि नेमकी त्या वाक्यावरच सर्वांत अधिक पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या भावाने वास्तुशांतीला सुमारे एक फूट उंचीची, लाकडात कोरलेली गणपतीची मूर्ती भेट दिली. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की लाकडी मूर्ती शोभेपुरती असते, पूजेला पितळेची किंवा चांदीचीच हवी. यात तथ्य आहे काय?

उत्तर : नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात मूर्तींचे आठ प्रकार सांगितले आहेत : ‘शैली दारुमयी लौही लेप्या लेख्या च सैकती । मनोमयी मणिमयी प्रतिमाष्टविधा स्मृता ॥’ या यादीत पाषाणानंतर लगेच लाकूड येते आणि धातूचा क्रम त्यानंतरचा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता तर लाकडाची आणि मातीची प्रतिमा आयुष्य, श्री, बल आणि जय देणारी असल्याचे सांगते. पुरीचे जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा कडुनिंबाच्या लाकडाचे आहेत. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरातील अत्ती वरदर (विष्णू) उंबराच्या लाकडाचे असून ते ४० वर्षे तेथील पुष्करिणीच्या तळाशी असतात. २०१९ मध्ये त्यांना बाहेर काढून ४८ दिवस दर्शनासाठी ठेवले होते. औदुंबराखाली दत्ताला हात जोडणाऱ्या आपल्या लोकांना यात परके वाटावे असे काहीच नाही.

मग पितळेचा आग्रह कोठून आला? मला वाटते, तो रोजच्या स्नानातून आला असावा. धातूची मूर्ती ताम्हनात ठेवून पाणी घालावे, चिंचेने घासावी, पुसावी आणि मांडावी, इतकी ती सोयीची असते. आणि सोय दोन पिढ्या टिकली की तिला शास्त्र म्हणण्याची आपली जुनी सवय आहे.

आपल्या मूर्तीबाबत एकच गोष्ट विचारात घ्यावी, ती म्हणजे तिची उंची. घरातील प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंत असावी, त्याहून मोठी नसावी, असे मत्स्यपुराणात सांगितले आहे. वीत म्हणजे १२ अंगुळे, साधारण नऊ इंच. त्यामुळे फूटभर उंचीच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा न करता तो बैठकीच्या खोलीत स्वच्छ, उंच जागी ठेवावा, फूल वाहावे, सायंकाळी दिवा दाखवावा आणि नित्यपूजेला देवघरातील लहान मूर्ती असू द्यावी, असे मी सुचवीन.

प्रश्न : आमच्याकडे रोज सर्व देवांना ताम्हनात घेऊन स्नान घालण्याची पद्धत आहे. दक्षिणेतून आणलेल्या लाकडी बालाजीलाही वर्षभर तसेच स्नान घातले. आता मूर्ती पायथ्याशी काळी पडली असून रंगाचे पोपडे निघत आहेत. स्नान बंद केले तर दोष लागेल काय?

उत्तर : हा प्रश्न सहा जणांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

झाड उभे असताना मुळांकडून शेंड्याकडे पाणी नेणाऱ्या ज्या सूक्ष्म नळ्या खोडात असतात, त्या लाकूड वाळल्यावरही नाहीशा होत नाहीत. उभ्या मूर्तीच्या तळाशी या नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि ताम्हनातले पाणी ती वर ओढून घेतात. पाणी शिरले की लाकूड आडव्या अंगाने फुगते, वाळले की आक्रसते. वरचा रंग मात्र तितका ताणला जात नाही, म्हणून तो तडकतो. पंचामृताने तर बुरशीला दूध, साखर आणि मध असा आयताच नैवेद्य मिळतो. आपल्या बालाजीचा पायथा काळा पडण्याचे कारण हेच असावे.

आता दोषाविषयी. भागवताच्या ज्या अध्यायात मूर्तींचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्याच अध्यायात पुढे ‘स्नपनं त्वविलेप्यायामन्यत्र परिमार्जनम्’ असा नियम येतो. म्हणजे जी मूर्ती पाण्याने बिघडत नाही तिला स्नान घालावे, इतरांना पुसून घ्यावे. टीकाकार येथे मुख्यतः मातीच्या आणि चित्ररूप मूर्तींचा विचार करतात. पण रंगवलेल्या लाकडालाही तोच न्याय लावला जातो आणि तो योग्यच आहे. पुरीची प्रथा याहून बोलकी आहे. तेथे ज्येष्ठ पौर्णिमेला १०८ घागरींनी देवांना प्रत्यक्ष स्नान घातले जाते; त्यानंतर देव आजारी पडले असे मानून पंधरवडाभर दर्शन बंद असते आणि त्या काळात त्यांचे रंग नव्याने चढवले जातात. लाकडाला पाणी सोसत नाही, हे इतक्या मायेने क्वचितच कोणी सांगितले असेल. रोजचे स्नान मात्र तेथे आरशातील प्रतिबिंबाला घालतात.

घरी हेच करता येते. ताम्हनात लहानसा धातूचा आरसा किंवा काच अशी धरावी की मूर्तीचे प्रतिबिंब तीत दिसेल. पाणी त्या प्रतिबिंबावर सोडावे आणि मूर्ती कोरड्या, मऊ सुती कापडाने पुसावी. कोरीव खाचांतील धूळ काढण्यासाठी रंगकामाचा मऊ ब्रश घ्यावा. ज्यांना अभिषेकाशिवाय चैन पडत नाही त्यांनी मूर्तीपुढे सुपारी मांडून तिच्यावर अभिषेक करावा.

पाण्याखालोखाल लाकडी मूर्तीचे नुकसान गंध, तेल आणि काजळी यांनी होते. पॉलिश नसलेल्या लाकडाला लावलेले ओले कुंकू कायमचा डाग पाडते, म्हणून ते चरणांशी ठेवलेल्या धातूच्या पादुकांना लावावे. मारुतीला तेलशेंदूर लावण्याची परंपरा दगडी मूर्तींबाबत समजण्यासारखी आहे. लाकडावर त्याची पुटे चढत जाऊन कोरीवकाम बुजते. शिवाय पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असल्याने लहान मुले असलेल्या घरात तो हाताळताना सावध राहावे. फुलांचे पाणी झटकून मगच ती वाहावीत, निर्माल्य त्याच दिवशी काढावे आणि निरांजन मूर्तीपासून हातभर तरी दूर असावे.

आपली मूर्ती आता आडवी ठेवून, तळाला हवा लागेल अशा रीतीने सावलीत दोन-तीन आठवडे वाळू द्यावी. उन्हात ठेवण्याचा मोह आवरावा, कारण बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर वाळला की लाकूड तडकते. नंतर काळ्या भागावर नखाने दाबून पाहावे. नख रुतले नाही तर केवळ डाग आहे. रुतले तर लाकूड कुजले आहे आणि मूर्ती जाणत्या कारागिराला दाखवावी.

प्रश्न : विठ्ठलाची लाकडी मूर्ती विकत घ्यायची आहे. विक्रेते सागवान, शिसवी, शिवण, चंदन अशी नावे सांगतात. कोणते लाकूड घ्यावे आणि फसवणूक कशी ओळखावी?

उत्तर : बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड निवडण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. देवदार, चंदन, शमी, खैर, बेल, पिंपळ ही त्यातील काही नावे; पण मला त्यातील वर्ज्य झाडांची यादी अधिक मोलाची वाटते. स्मशानातील, वाटेवरील, वारुळावरील, वेलींनी आवळलेले, वाकडे वाढलेले, विजेने किंवा वाऱ्याने मोडलेले, आपोआप पडलेले, आगीत होरपळलेले आणि मधाची पोळी असलेले झाड घेऊ नये, असे ती सांगते. यातील काही अटी पावित्र्याच्या आहेत, तर काही सुताराच्या अनुभवाशी थेट जुळतात. वाकड्या खोडातील लाकूड वाळताना पिळवटते, वाऱ्याने पडलेल्या झाडात बाहेरून न दिसणाऱ्या चिरा असतात आणि पोळे बहुधा पोकळीच्या आश्रयाने असते. झाड तोडण्यापूर्वी त्याच्या दिशा आणि वर-खाली यांच्या खुणा करून ठेवाव्यात, कारण झाड जसे उभे होते तशीच मूर्ती उभी राहायला हवी, असेही तेथे म्हटले आहे. लाकडाचे तंतू मूर्तीत उभे असावेत हा चांगल्या कारागिराचा नियम यातच आला. कटेवर हात ठेवलेल्या विठ्ठलाचे कोपर तंतूंना आडवे कोरावे लागतात, म्हणून तेथे जाडी पुरेशी ठेवली आहे ना, हे अवश्य पाहावे.

जातींविषयी थोडक्यात सांगतो. सागवान टिकाऊ आहे, पण त्याचे तंतू जाड असल्याने बारीक चेहरेपट्टी तितकी नाजूक उतरत नाही. शिवणीचे लाकूड हलके, फिकट आणि फारसे न पिळवटणारे असल्याने कोरीवकामाला व रंगकामाला उत्तम. शिसवी जड, गडद आणि देखणे असते. मात्र २०१७ पासून ते वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे, म्हणून मूर्ती परदेशी न्यायची असेल तर कागदपत्रांची चौकशी आधी करावी. चंदनाचे कोरीवकाम कर्नाटकातील सागर-सोरब भागातील गुडिगार कारागिरांचे वंशपरंपरागत काम आहे. चंदनाचा सुवास झाडाच्या आतल्या पक्क्या भागातच असतो; पांढरट लाकडाला अत्तर चोळून ‘चंदन’ म्हणून विकणे सोपे असते. विक्रेत्याच्या संमतीने तळाचा भाग किंचित खरवडून पाहावा. आतून वास अधिक स्पष्ट आला तर ठीक, नाहीसा झाला तर अत्तराचे पैसे देऊ नयेत.

जातीपेक्षा लाकूड किती वाळलेले आहे हे मी आधी पाहीन. ताज्या लाकडात बरेच पाणी असते आणि घरातील हवेत स्थिरावलेल्या लाकडात ते साधारण ८ ते १२ टक्के उरते. ही घट होताना लाकूड उभ्या अंगाने जवळपास आक्रसत नाही, पण वर्षवलयांच्या दिशेने ते त्यांना आडव्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आक्रसते. त्यामुळे ज्या ठोकळ्यात खोडाचा मधला गाभा राहिला आहे त्याला तडा जाण्याचा संभव फार असतो. मूर्ती उलटी करून तळ पाहावा. वलयांचे केंद्रच तळाच्या मध्यभागी दिसले तर ती मूर्ती सोडून द्यावी. मोठी मूर्ती मागून पोकळ केलेली आढळली तर मात्र ती कारागिराची चलाखी समजू नये. आतला ताण कमी करण्याचा तो जाणता उपाय आहे. तळाला वलये किंवा तंतू काहीच दिसत नसतील, बाजूला साच्याची बारीक शिवण असेल आणि शेजारच्या दहा मूर्तींच्या चेहऱ्यावर तंतोतंत तीच रेघ असेल, तर ते लाकूड नसून रेझिन आहे.

प्रश्न : आजीच्या वेळच्या राम-सीतेच्या लाकडी मूर्तींना टाचणीएवढी भोके पडली असून खाली बारीक भुसा दिसतो. रामाचे एक बोटही तुटले आहे. मूर्ती खंडित मानावी का?

उत्तर : आधी कीड जिवंत आहे की जुनी, हे पाहू. मूर्ती झटकून स्वच्छ करावी, काळ्या कागदावर ठेवावी आणि आठ-दहा दिवसांनी पाहावे. नवा भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे. मूर्तीवर रंग किंवा मुलामा नसेल आणि ती लहान असेल, तर संग्रहालयांत वापरला जाणारा थंडीचा उपाय करता येतो. मूर्ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर मूर्ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. रंगवलेल्या मूर्तीवर हा प्रयोग करू नये, थर सुटतात. भोकांत रॉकेल सोडण्याचा घरगुती सल्ला कोणी दिला तर समोर रोज निरांजन लागते हे ध्यानात ठेवावे. जुन्या मूर्तींना इतर सर्व मूर्तींपासून तोवर वेगळे ठेवावे.

बोटाचा तुकडा सापडला असेल तर जपून ठेवावा. पारंपरिक सरसाने जोडलेला सांधा पुढे गरज पडल्यास ओलसर उष्णतेने सोडवता येतो, पांढऱ्या गोंदाचा सांधा सहसा तसा सुटत नाही. अवयव तुटलेल्या मूर्तीची पूजा परंपरेत वर्ज्य मानतात, म्हणून दुरुस्तीनंतर आपल्या गुरुजींना विचारून पुन्हा प्रतिष्ठा करून घ्यावी. ऋतुमानाने पडलेली केसासारखी चीर मात्र मी खंडितात धरणार नाही. ती लाकडाची सुरकुती आहे.

प्रश्न : पूर्ण जीर्ण झालेल्या लाकडी मूर्तीचे विसर्जन नदीत करावे का?

उत्तर : लाकूड तरंगते. देव पाण्यात सोडून घरी यावे आणि दुसऱ्या दिवशी तो खालच्या घाटावर चिखलात अडकलेला दिसावा, हे कोणालाच रुचणार नाही. पुरीत ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी, जसे १९९६ आणि २०१५ मध्ये, नवकलेवर म्हणजे जुन्या मूर्तींच्या जागी नव्या मूर्ती बसवण्याचा विधी होतो. तेव्हा जुन्या मूर्ती पाण्यात न सोडता मंदिराच्या आवारातील कोइली वैकुंठ या जागी भूमीत ठेवल्या जातात. आपणही उत्तरपूजा करून, धातूचे दागिने, खिळे आणि काचेचे डोळे काढून घ्यावेत आणि मूर्ती सुती वस्त्रात गुंडाळून जमिनीत पुरावी. रासायनिक रंगाची मूर्ती जाळू नये, धूर विषारी असतो. तिचा रंग आधी खरवडून घ्यावा आणि खड्डा विहिरीपासून दूर घ्यावा.