विमानाकडे लेझर नको, अजिबात नको
नवीन हिरवा लेझर घेतलास, तारे दाखवायला मस्तच आहे, पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसव. आकाशात हलणारा दिवा दिसला की बटण सोडायचं. विमान असो, हेलिकॉप्टर असो, "बघू पोचतो का" असलं काही करायचंच नाही.

लोकांना वाटतं एवढ्याशा पॉइंटरने काय होतंय, पण किरण लांब जाताना पसरतो, साध्या पॉइंटरचा ठिपका किलोमीटरभर अंतरावर साधारण मीटरभर रुंद होतो आणि कॉकपिटच्या काचेवर पडला की सगळी काच उजळते, रात्रीच्या अंधाराला सरावलेल्या पायलटला काही क्षण समोरचं दिसत नाही, आणि हे बऱ्याचदा लँडिंगच्या वेळीच होतं. मागे शंभर-दोनशे माणसं बसलेली असतात रे.

कायदाही कडक आहे. अमेरिकेत 2012 पासून हा थेट फेडरल गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत तुरुंग, वर दंड, आणि मुद्दाम विमानाच्या मार्गावर किरण रोखला तरी गुन्हा, विमानाला लागायलाच हवा असं नाही. ब्रिटनमध्ये 2018 च्या कायद्याने तेवढीच शिक्षा, आणि तिथे पायलटचं लक्ष विचलित होण्याची शक्यता असली तरी पुरतं. "गंमत म्हणून केलं" हे कोर्टात चालत नाही. आणि सापडणार नाही असं समजू नकोस, पोलिसांच्या हेलिकॉप्टरवरचा कॅमेरा किरण कुठून आला ते सरळ दाखवतो.

लहान मुलांच्या हातात तर देऊच नकोस, आणि विमानतळाजवळ राहत असशील तर लेझर घरीच ठेव.