पुराची पिशवी : वाचकांचे प्रश्न

जून उजाडला की पुराच्या पिशवीबद्दल, म्हणजे पाणी चढलं की उचलून निघता येईल अशा भरून ठेवलेल्या पिशवीबद्दल, विचारणा सुरू होते, आणि थोड्याफार फरकाने प्रश्न दर वर्षी तेच असतात. २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेने आणि २०२१ मध्ये वाशिष्ठी-सावित्रीने जे शिकवलं, त्यावर व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डनी बोळा फिरवलेला दिसतो. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देत आहे.

साठ वस्तूंची यादी फिरते आहे. सगळ्या घ्यायच्या का? (इस्लामपूर)

नाही. वस्तू मोजण्यापेक्षा पिशवीचं वजन करा. मोठ्या माणसाची भरलेली पिशवी सात किलोच्या आत बसली पाहिजे, आणि त्यातले तीन किलो पाण्याचेच जातात. एका माणसाला दिवसाला पिण्यापुरतं तीन लिटर, एवढा हिशोब धरा. उरलेल्या चार किलोंत औषधं, कागदपत्रं, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, कपड्यांचा एक जोड, पातळ चादर, साबण, सॅनिटरी पॅड आणि न शिजवता खाता येईल असं खाणं : फुटाणे, खजूर, चिक्की, सातूचं पीठ. इन्स्टंट नूडल्स कशाला भरता? त्यांना पाणी लागतं, चूलही लागते. पिशवी दोन पट्ट्यांची, पाठीवर बसणारी हवी. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पोर असतं, तेव्हा चाकांची बॅग ओढायला तिसरा हात कुठून आणणार?

ऑनलाइन तयार 'सर्व्हायव्हल किट' मिळतं. कोणतं घ्यावं? (कोल्हापूर)

कोणतंच नको. त्यातले निम्मे नग आकडा फुगवायला घातलेले असतात. शिरोळहून जयसिंगपूरला जायला होकायंत्र लागत नाही. सर्वांत घातक म्हणजे साप चावल्यावर विष ओढून काढायचा तो पिवळा पंप. त्याने विष निघत नाही, उलट त्या खटपटीत दवाखान्यात पोचायला उशीर होतो. पुरात साप घरात शिरतात हे खरं आहे. त्यावर उपाय एवढाच : जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका, अंगठी-बांगड्या काढा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि प्रतिविष उपलब्ध असलेला सरकारी दवाखाना गाठा. तो कोणता, हे आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून ठेवा.

टॉर्च की मेणबत्ती? (कराड)

टॉर्च. पाणी शिरलेल्या घरात गॅस गळत असू शकतो.

आईला मधुमेह आणि बीपी आहे. दोन दिवसांच्या गोळ्या पुरतील ना? (सांगली)

पुरणार नाहीत. या प्रश्नाला जागा जास्त देतो, कारण पिशवीत सगळ्यांत जास्त हयगय इथेच होते. निवारा केंद्रात जेवण मिळतं, चादर मिळते, पण तुमच्या आईची नेमकी गोळी तिथे असेलच असं नाही. २०१९ मध्ये पाणी उतरायलाच आठवड्याहून जास्त दिवस गेले, आणि पूरपट्ट्यातली औषध दुकानंही पाण्यातच होती. किमान पंधरा दिवसांचा साठा हवा. तो सलग मिळावा म्हणून पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी लिहून घ्या.

गोळ्या सुट्या काढून डबीत भरू नका. पट्टी कापून घेतलीत तर नाव, मात्रा आणि मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानदाराकडेच राहतो. मग केंद्रातल्या डॉक्टरांना 'बीपीची पांढरी बारीक गोळी' एवढंच सांगता येतं, आणि तशा गोळ्या पन्नास आहेत. अख्खी पट्टी घ्या. सोबत चिठ्ठीची झेरॉक्स ठेवा आणि एका कागदावर ठसठशीत अक्षरात लिहा : औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ, कशाची ॲलर्जी. हे सगळं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत ठेवा. नुसत्या झिपच्या पिशवीवर विसंबू नका, तिची शिवण उसवते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बरणीतल्या गोळ्या वापरायला काढा आणि नव्या आत टाका, म्हणजे मुदत संपत नाही.

आता इन्सुलिन. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरात घेतलेली साधारण चार आठवडे सावलीत, गार जागी चालते. नेमकी मुदत वेष्टनावर असते. वीज गेली म्हणून ती बर्फात खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, ते वितळल्यावरही वापरायचं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं यापेक्षा बरं.

घोळ होतो तो सिरिंजचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं, आणि १०० च्या सिरिंजची टोपी केशरी. घाईत कुणी १०० युनिटचं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर २० च्या जागी ५० युनिट अंगात जातात. पुरात, अर्धपोटी असताना, यात माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून जे इन्सुलिन त्याचीच सिरिंज, दोन्ही एका पाकिटात, आणि पाकिटावर मार्करने '४०' किंवा '१००'. घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

फिट्सची औषधं, स्टेरॉइड आणि हृदयाची काही औषधं एकदम तुटली तर त्रास उलटतो. 'दोन दिवस नाही घेतली तर काय होतं' हे शेजाऱ्याला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. डायलिसिस आणि शेवटच्या महिन्यातली गर्भवती हा पिशवीचा विषयच नाही. त्यांना पाणी चढायच्या आधी दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे हलवावं लागतं.

तुरटी फिरवली की पाणी शुद्ध होतं ना? (महाड)

गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गाळ बसल्यावर वरचं पाणी फडक्याने गाळा, मग मेडिक्लोर किंवा क्लोरिनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. प्रमाण लेबलवर असतं. वीस लिटरची गोळी तांब्यात टाकणारे दर वर्षी भेटतात, म्हणून घेतानाच नीट वाचून घ्या. चूल पेटत असेल तर खळखळून उकळणं उत्तम. पाण्याला डिझेलचा किंवा कीटकनाशकाचा वास येत असेल तर क्लोरिनचाही उपयोग नाही, उकळण्याचाही नाही. बुडालेली विहीर किंवा बोअर आरोग्य खात्याने तपासून दिल्याशिवाय वापरू नका.

ओआरएसचा टेट्रापॅक ठेवला तर चालेल? (पुणे)

नाही. साखर जास्त असलेली पेयं याच नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) त्यांच्या नावात 'ओआरएस' वापरण्याची परवानगी काढून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, एक लिटर पाण्यात टाकायची पुडी घ्या. ती पूर्ण लिटरातच विरघळवा. अर्धी पुडी ग्लासात, असा अंदाजपंचे कारभार नको.

पाण्यातून चालावं लागलं तर म्हणून लेप्टोची गोळी ठेवून देऊ का? (ठाणे)

मनाने नको. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप. त्याची गोळी, डॉक्सिसायक्लिन, गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे देत नाहीत. पायाला जखम असेल तर पाण्यातून बाहेर पडताच साबणाने धुवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. ताप येईपर्यंत थांबू नका.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत. झेरॉक्स कशाला? (नाशिक)

फोन बंद पडतो म्हणून. दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन दोनदा भरत नाही, फार तर दीड वेळा. चार फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. त्यात जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ असावा.

पिशवी उचलून निघायचं कधी? (शिरोळ आणि चिपळूण, दोन्हीकडून)

दोघांना उत्तर वेगळं. शिरोळला पाणी फुटाफुटाने, दिवसचे दिवस चढतं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. २०१९ मध्ये आपल्या गल्लीत पाणी आलं तेव्हा तुमच्या भागासाठी नदीची पातळी जिथे मोजतात त्या ठिकाणी ती किती फूट होती, हे तलाठ्याला विचारा, दारामागे लिहा आणि त्याच्या दोन फूट आधी निघा. 'गेल्या वेळी उंबऱ्यापर्यंतच आलं होतं' हा हिशोब नव्हे. चिपळूणला एवढी उसंतच मिळत नाही. डोंगरातला पाऊस, धरणाचा विसर्ग आणि खाडीची भरती एकत्र आली की काही तासांत बाजारपेठ पाण्याखाली जाते. तिथे रात्री मोठ्या पावसाचा इशारा असेल तर संध्याकाळीच वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या घरी जा.

बोटीची वाट पाहण्याची वेळ येऊ देऊ नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी मोठा माणूस पडू शकतो, दोन फुटांत चारचाकी वाहून जाते. निघताना मेन स्विच बंद करा, पण हात कोरडे आणि पायाखाली पाणी नसेल तरच. गॅसचा रेग्युलेटरही बंद करा.

जनावरांचं काय? (पलूस)

माणसांच्या आधी ती हलवा, चारा असलेल्या छावणीत किंवा उंचावरच्या पाहुण्यांकडे. कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढून ठेवा, नुकसानभरपाईला लागतो. बिल्ला नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात आताच मारून घ्या. हलवणं जमलंच नाही तर दावी सोडून द्या.